खुडणीचे माप

महसूल खात्याची नोकरी ही बदल्यांची नोकरी असते, आणि दर तीन-चार वर्षांनी ज्याचे बिऱ्हाड मालमोटारीत चढते त्याने अंगणात काय लावावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आंब्याचे कलम लावावे तर मनाजोगा मोहोर दिसण्याच्या आधीच बदलीचा हुकूम येऊन थडकतो; पेरू, सीताफळ, लिंबू यांचीही तीच गत, कारण ही सारी झाडे आपल्या धन्याचे एका जागी राहणे गृहीत धरून वाढतात. तुळस असे काही गृहीत धरीत नाही. बी टाकल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास ती खुडण्याजोगी होते, कुंडीत, वृंदावनात किंवा परसातील वाफ्यात सारख्याच समाधानाने राहते, आणि गाव सोडताना वाळलेल्या मंजिऱ्यांची एक पुडी सामानात ठेवली की पुढच्या मुक्कामी तिचा वंश पुन्हा उभा करता येतो. रत्नागिरी, सोलापूर, नाशिक आणि अखेरीस सातारा अशा चार जिल्ह्यांत, चार तऱ्हांच्या मातीत आणि चार तऱ्हांच्या हवेत, मी हे एकच रोप वाढवीत आलो. एवढ्या वर्षांत त्याने मला जे शिकविले त्याचे सार थोडक्यात सांगावयाचे तर ते असे, की तुळस खुडल्याने जगते, मात्र त्या खुडण्याला माप असावे लागते. आणि हे माप हाताला एकदम येत नाही, ते माती, पाणी, ऋतू आणि माणसे यांच्याकडून सावकाश शिकावे लागते.

आमच्या घरात पूर्वी तुळशीला हात लावण्याविषयी एक प्रकारचे भय असे. माझी आई प्रत्येक बिऱ्हाडी माझ्याबरोबर होती, आणि अंगणातील तुळस ही सर्वस्वी तिच्या अखत्यारीतील बाब होती. स्नान झाल्यावर, नमस्कार करून, ती देवापुरती चार-दोन पाने खालच्या फांद्यांवरून काढीत असे; शेंड्याला मात्र तिचा हात कधीही जात नसे, कारण शेंडा खुडणे म्हणजे वाढत्या जिवाची मान मोडणे, असे तिला मनापासून वाटे. रविवारी, एकादशीस, द्वादशीस आणि सूर्यास्तानंतर तर ती तुळशीला स्पर्शही करीत नसे. या श्रद्धेचा परिणाम रोपावर स्पष्ट दिसे. खालची पाने काढली गेल्यामुळे दांडा बुडाशी उघडा पडे, शेंडा मोकळा असल्यामुळे रोप एकसुरी उंच जाई, डोक्यावर मंजिऱ्यांचा भार येई, आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागून मांडवाचे ऊस निघाले न निघाले तोच पाने पिवळी पडून रोपाच्या काड्या होऊ लागत. महाराष्ट्रातील कित्येक अंगणांत आजही हाच क्रम चालतो, आणि घरातील माणसे त्याचा संबंध कधी दृष्टीशी, कधी ग्रहांशी, तर कधी घरावर येऊ घातलेल्या संकटाशी लावून मनातल्या मनात कष्टी होतात.

या भयाचा निरास झाला तो पंढरपुरात. सोलापूर जिल्ह्यात असताना आषाढी वारीच्या बंदोबस्ताचे काम आमच्या कचेरीकडे असे, आणि वाखरीपासून वाळवंटापर्यंत पाणी, दिवाबत्ती, सफाई यांची तजवीज पाहण्यात ते दिवस जात. वारी ओसरल्यावर एका वर्षी आई दर्शनासाठी आली, आणि परतताना नदीच्या अंगाला असलेल्या तुळशीच्या वाफ्यांपाशी आम्ही थांबलो. विठ्ठलाच्या गळ्यातील हारांसाठी या भागात तुळस पिकाप्रमाणे घेतली जाते. दव नुकतेच सुकले होते, आणि गळ्यात माळ असलेली एक वृद्ध बाई ओळीने खुडणी करीत चालली होती. तिची रोपे गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत, पण घेराने इतकी भरगच्च होती की आतला दांडा दिसत नव्हता. आणि ती खुडीत होती ते नेमके शेंडेच. आईला ते पाहवले नाही. तिने विचारले, "बाई, शेंडाच मोडलात तर ती वाढायची कशी?"

त्या बाईने हात न थांबवता उत्तर दिले, "माय, शेंडा खुडला तरच ती पसरती. न्हाई खुडली तर मंजिरीवर जाती, अन् मंजिरीवर गेली की वाळती. पांडुरंगाला रोज लागती, म्हणून तर रोज नवी येती." आणि मग तिने आईचा हात धरून एका फांदीवर नेला, नखाने नेमके कोठे खुडावयाचे ते दाखविले: समोरासमोरच्या दोन पानांच्या जरा वर, त्या पानांच्या बगलेत जेथे दोन बारीक हिरवे डोळे उघडत असतात तेथे. ओरबाडू नये, ओढू नये, दांड्याची साल निघेल असा हिसका देऊ नये, आणि फांदीवर निदान दोन जोड्या पाने राहू द्यावीत, एवढाच तिचा नियम होता. आईने त्या दिवशी आयुष्यात प्रथम तुळशीचा शेंडा खुडला. एखाद्या पुस्तकातून मी तिला हेच सांगितले असते तर तिने ऐकले नसते. पण सांगणारीच्या गळ्यात माळ होती आणि तिचे सारे आयुष्य देवासाठी तुळस पिकविण्यात गेले होते, त्यामुळे तिच्या शब्दाला आईच्या दृष्टीने शास्त्राधार होता.

त्या शब्दाला वनस्पतिशास्त्राचाही आधार आहे, हे मला पुढे वाचनातून समजले. तुळस पुदिन्याच्या कुळातील. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला ऑसिमम टेन्युइफ्लोरम हे नाव दिले, आणि १७६७ साली त्यानेच योजिलेले ऑसिमम सँक्टम हे दुसरे नाव पुष्कळ काळ प्रचारात राहिले. तिचा दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तो चौकोनी लागतो. प्रत्येक पेरावर दोन पाने समोरासमोर येतात, आणि वरच्या पेरावरची जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते, जेणेकरून वरच्या पानाची सावली खालच्यावर पडू नये. प्रत्येक पानाच्या बगलेत एक अंकुर निद्रिस्त असतो. शेंड्यावरील कोंब जोवर शाबूत असतो तोवर त्यात निर्माण होऊन खाली उतरणारा वृद्धिरस या बगलेतील अंकुरांना दाबून ठेवतो. शेंडा निघाला की तो दाब उठतो आणि खालचे दोन्ही अंकुर एकाच वेळी जागे होतात. एका शेंड्याचे दोन शेंडे होतात, त्या दोहोंना पुन्हा खुडले की चार, आणि अशा रीतीने एका पावसाळ्यात एकाच दांड्याचे झुडूप होते. मात्र खालचे जून, लाकडी झालेले आणि पर्णहीन खोड सहसा असे फुटत नाही. म्हणून खुडणी नेहमी हिरव्या भागात, पानांच्या वर करावी लागते. आई खालची पाने काढून शेंडा राखीत असे, आणि ती बाई शेंडा काढून खालची पाने राखीत असे. दोघींच्या मनातील भक्तीत तिळमात्र अंतर नव्हते, फरक होता तो केवळ बोटे कोठे जातात याचा.

यानंतर आमच्या अंगणात खुडणी नियमाने सुरू झाली, तेव्हा आईच्या जुन्या निषिद्ध दिवसांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. रविवार आणि एकादशी-द्वादशी पाळली की महिन्यातून आठ-नऊ दिवस रोपाला हात लागत नाही. संध्याकाळी खुडावयाचे नाही, म्हणजे खुडणी आपोआप सकाळची होते, आणि सकाळी दव सुकल्यावर पण ऊन तापण्यापूर्वी खुडलेले पान रसाने भरलेले आणि सुगंधाने संपन्न असते. हे नियम ज्यांनी घातले त्यांचा हेतू काय होता ते मी सांगू शकत नाही, आणि प्रत्येक आचारामागे विज्ञान शोधण्याचा आग्रह मला मान्यही नाही. परंतु ज्या रोपाकडून रोज काही घ्यावयाचे त्याला अधूनमधून विसावा मिळतो, हा या आचाराचा परिणाम मी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिला आहे. चातुर्मासात आईने लक्ष तुळशी वाहण्याचे व्रत धरले त्या वर्षी तर या मापाची खरी कसोटी लागली. लाख पाने ही काही थोडी संख्या नव्हे. ती मोजून, शंभरा-शंभराचे ढीग करून वाहावी लागतात. आम्ही परसात वाफे केले, त्यांचे भाग पाडले, आणि आज ज्या भागाची खुडणी झाली त्याला पुन्हा हात लागावयाचा तो नवी फूट आल्यावरच, असा पायंडा घातला. कोणत्याही रोपाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाला एका वेळी घ्यावयाचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळीत आलो. श्रावण-भाद्रपदातील तुळशीची वाढच अशी जोमदार असते की व्रत सुखरूप पार पडले आणि एकही रोप दगावले नाही.

पाण्याचे माप मी याच्याही आधी, नोकरीच्या आरंभी, रत्नागिरीस शिकलो होतो. तेथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्याही वर पडतो आणि सोलापूर भागात त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी लोक वर्ष चांगले म्हणतात. एकच रोप या दोन्ही ठिकाणी वाढवावयाचे तर पाणी घालण्याची एकच रीत चालणार नाही, हे उघड आहे. आमच्या घरमालकांच्या अंगणात जांभ्या दगडाचे उंच वृंदावन होते, आणि त्यांच्या वृद्ध मातोश्री रोज सकाळी त्याला पाणी घालीत. मृग लागला की त्यांच्या हातातील तांब्या जाऊन पळी येई. भर पावसात छत्री धरून त्या वृंदावनापाशी उभ्या राहत आणि एक पळीभर पाणी घालून प्रदक्षिणा करीत. नेम मोडला नाही, आणि रोपाच्या मुळाशी पाणीही साचले नाही. हळद-कुंकू त्या दांड्याला लावीत नसत, वृंदावनाच्या दर्शनी भिंतीला लावीत. निरांजन पानांखाली न ठेवता कोनाड्यात ठेवीत. दूध अर्पण करावयाचे ते बोट बुडवून, थेंबभर. वृंदावनाच्या तळाला पाणी जाण्यासाठी वाट ठेवलेली होती, आणि ती बुजू नये म्हणून दर उन्हाळ्यात वरची माती काढून, तळाशी विटांचे तुकडे टाकून, नवी भर घातली जाई. तुळशीला ओल हवी असते, पण तिच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. मुळांना श्वास घेता आला नाही की ती कुजतात, आणि वरची पाने मलूल झालेली पाहून माणसे तहान लागली असे समजून आणखी पाणी ओततात. पुष्कळ घरांतील तुळशी दुर्लक्षाने मरत नाहीत, त्या अतिप्रेमाने बुडतात. सोलापुरास याच्या उलट अवस्था होती. तेथे वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बुडाशी वाळलेल्या पाल्याचे आच्छादन, दुपारच्या वेळी गोणपाटाची सावली, आणि सकाळ-संध्याकाळ असे दोन वेळा थोडे थोडे पाणी, याखेरीज रोपे तगत नसत. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडणारी खूण एकच: बोटाचे पेर मातीत घालून पाहावे, आत ओल लागली तर हात आवरावा.

काळाचे माप मात्र मला नाशिक जिल्ह्यात मिळाले, आणि तेही एका द्राक्ष बागायतदाराकडून. निफाडच्या बाजूची थंडी सर्वश्रुत आहे. पौषात तेथे कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि बागायतदार पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात. तुळस ही उष्ण हवेतील वनस्पती. दहा अंशांच्या आसपासच तिची वाढ थांबते, पाने काळवंडतात आणि गळू लागतात. त्या पहिल्या हिवाळ्यात रोपांच्या काड्या झालेल्या पाहून घरातील सर्वांचे म्हणणे पडले की वाळलेला भाग ताबडतोब छाटून टाकावा, म्हणजे नवी फूट येईल. कामानिमित्त भेटलेल्या त्या बागायतदारापाशी मी सहज हा विषय काढला. तो म्हणाला, "रावसाहेब, छाटणी म्हणजे झाडाला उठ म्हणून सांगणं असतं. थंडीत झोपलेल्याला उठवलं तर तो उठून करील काय? आम्हीसुद्धा एप्रिलात खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. मधल्या कडाक्यात कात्री खिशात ठेवतो." मी थांबलो. पाणी कमी केले, कुंड्या रात्री भिंतीच्या आडोशाला आणल्या, आणि वाळक्या काड्या तशाच राहू दिल्या. महाशिवरात्र झाली, हवेत ऊब आली, आणि नखाने साल खरवडून पाहिली तर काही फांद्यांच्या आत हिरवा रंग दिसला. त्यानंतर छाटणी केली, बुडाशी शेणखताची भर दिली, आणि चैत्रात त्या मृतप्राय वाटणाऱ्या खोडांवर कोंब आले. सारीच रोपे वाचली असे नाही; पण जी वाचली ती आम्ही वेळेची वाट पाहिली म्हणून वाचली.

सेवानिवृत्तीनंतर साताऱ्यास कायमचे राहावयास आलो आणि परसाला प्रथमच स्थैर्य लाभले. येथील काळी माती चिकट. म्हणून दोन भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण मी ठेवतो. बी मोहरीहूनही बारीक असते, यास्तव ते बारीक वाळूत कालवून वैशाखात पसरट कुंडीत फेकावे, वरून मातीचा नुसता हात फिरवावा, आणि झारीने हलके पाणी द्यावे. खोल पुरलेले बी वर येत नाही, आणि धारेने दिलेले पाणी ते वाहून नेते. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. या अवस्थेत ओल अधिक झाली तर रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. चार-सहा पाने झाली की मृगाच्या पावसात, ढगाळ संध्याकाळी, हातभर अंतरावर ती लावावीत, आणि वीतभर उंच झाल्यावर पहिला शेंडा खुडावा. हा पहिला शेंडा खुडताना नवशिक्याचा हात हमखास अडखळतो, कारण एवढ्याशा रोपाकडून काही घेणे त्याला निर्दयपणाचे वाटते; परंतु पुढच्या सगळ्या विस्ताराचा पाया त्याच खुडणीत असतो.

परसात हळूहळू तुळशीची भावंडेही जमली: जांभळट पानांची कृष्ण तुळस, पुरुषभर वाढणारी रानतुळस, मूळची आफ्रिकेतील आणि कापराच्या वासाची कापूरतुळस, आणि सब्जा. या सगळ्यांचा कल एकच असतो, दिवस लहान होऊ लागले की मंजिरीवर जावयाचे. आणि येथे पाळणाऱ्यापुढे एक खरोखरीचा पेच उभा राहतो. मंजिऱ्या खुडल्या तर पाला मिळत राहतो. राखल्या तर पाने बारीक आणि विरळ होतात, दांडे लाकडी होतात, कारण रोप आपली सारी शक्ती बियांकडे वळविते. पण त्याच मंजिऱ्यांवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या सकाळपासून गुंजत असतात, आणि पुढच्या वर्षीचे बी तेथेच तयार होत असते. केवळ पाल्याचा हिशेब पाहणे मला रुचेना. म्हणून मी वाफ्याची सरळ वाटणी केली: बहुतेक रोपांच्या मंजिऱ्या कोवळ्या असतानाच काढावयाच्या, आणि प्रत्येक जातीची एक-दोन सुदृढ रोपे आश्विनापासून पूर्णपणे सोडून द्यावयाची. या सोडलेल्या रोपांचे एकही पान आम्ही घेत नाही. त्यांच्या मंजिऱ्या खालून वर तपकिरी होत जातात; दोन-तृतीयांश भाग वाळला की त्या काढून, सावलीत सुकवून, तळहातावर चोळून, सुपात पाखडून बी वेगळे करतो. प्रत्येक फुलाच्या वाळक्या पेल्यात चार बिया असतात, आणि एका रोपाचे बी साऱ्या आळीला पुरते.

किडीचा उपद्रव होतो. पावसाच्या उघडिपीत मावा येतो, उन्हाळ्यात फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसतो, आणि तुळशीचा म्हणून एक खास जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण असतो, जो पानांच्या पाठीमागे राहून रस शोषतो. पाने आकसून वळली आणि खाली काळे ठिपके दिसले की तो आला असे समजावे. जे रोप देवाला, चहाला आणि औषधाला लागते त्यावर विषारी औषधे मारणे हे माझ्या बुद्धीला पटत नाही. निंबोळ्यांची भुकटी लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवारावे, आणि त्यानंतर आठवडाभर त्या रोपाची पाने घेऊ नयेत. मात्र सर्वांत मोठा उपाय पुन्हा खुडणी हाच आहे. ज्याचे हात रोज रोपावर फिरतात त्याला कीड पहिल्या दोन पानांवरच दिसते, आणि ती दोन पाने काढून टाकली की फवारणीची वेळच येत नाही.

खुडलेल्या पाल्याचे काय करावयाचे, हाही अनुभवाचाच विषय आहे. मंजिरी येण्याच्या अगदी आधी पानांत सुगंधी तेल विपुल असते. वाळवणासाठी मोठी खुडणी मी त्याच सुमारास करतो. पाने धुऊन, निथळून, पातळ कापडावर सावलीत पसरतो. उन्हात ती काळी पडतात आणि वास उडून जातो. चुरचुरीत झाली की काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवतो. दहा भाग ओल्या पाल्याचा दीड-दोन भागच सुका पाला राहतो, त्यामुळे बरणी भरेपर्यंत पाल्याची खरी किंमत कळते. चरकसंहितेत श्वासहर द्रव्यांमध्ये सुरसा या नावाने तुळशीची गणना आहे, आणि आल्याबरोबर, गवती चहाबरोबर तिचा काढा आमच्या घरी सर्दी-पडशाला पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. पण येथेही मापच. आळीतील एका वृद्ध वैद्यांकडे एक गृहस्थ मुलाचा जुना खोकला तुळशीच्या रसाने बरा करण्याचा हट्ट धरून बसले होते, वैद्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, "पडशाला काढा द्या, पण तीन आठवड्यांचा खोकला असेल तर आधी छाती तपासून घ्या. तुळशीवर नको तो भार टाकू नका." हे बोलणे मी कायम ध्यानात ठेवले, आणि पाला मागावयास येणाऱ्यास आजार विचारल्याशिवाय देत नाही.

मागावयास येणारी माणसे हे या छंदाचे मला लाभलेले सर्वांत मोठे फळ आहे. सत्यनारायणासाठी, श्राद्धासाठी, ग्रहणात पाण्यावर घालावयाला, गणेशचतुर्थीच्या पत्रीसाठी, आणि कधी कोणाच्या घरी अखेरच्या क्षणी मुखात ठेवण्यासाठी, लोक अवेळी दार ठोठावतात. या शेवटच्या कारणासाठी आलेल्या माणसाला मी रात्रीही पान खुडून देतो. आईनेही तेव्हा सूर्यास्ताचा नियम कधी आड येऊ दिला नाही. सब्ज्याचे गिऱ्हाईक निराळे. शेजारच्या मुली गजऱ्यात घालावयाला त्याच्या डहाळ्या नेतात. दर्ग्यावर गुलाबाच्या फुलांबरोबर चढविण्यासाठी एक मुसलमान गृहस्थ दर गुरुवारी येतात. आणि उन्हाळ्यात त्याचे बी पाण्यात घातले की काही मिनिटांत भोवती पारदर्शक गर धरून फुगते, ते सरबतात आणि फालुद्यात घालावयाला सगळ्यांनाच हवे असते. अलीकडे नातवाने इटालियन स्वयंपाकासाठी म्हणून रुंद, गुळगुळीत पानांच्या बेझिलचे बी आणले. रोप वाढल्यावर मी पाहिले तर ते आमच्या सब्ज्याचेच सख्खे भावंड, शास्त्रीय नावही तेच, ऑसिमम बॅसिलिकम. केवळ पानांचा आकार आणि वास निराळा. मी त्याला पंढरपूरच्या बाईची खुडणी शिकविली, आणि त्याच्या रोपाने ती बिनतक्रार मान्य केली.

तुळस कितीही जपली तरी दोन-तीन वर्षांत जून होते. खोड लाकडी होते, फूट मंदावते, आणि एक दिवस कळून येते की आता हिच्याकडून काही घेऊ नये. प्रथम प्रथम अशा रोपाला वाचविण्याची मी शिकस्त करीत असे; आता बी हाताशी ठेवून त्याला शांतपणे निरोप देतो. त्याचे लाकूड टाकून देत नाही. पंढरपुरास ज्या माळा वारकऱ्यांच्या गळ्यांत पडतात त्या याच लाकडाच्या मण्यांच्या असतात, आणि आमच्याकडचे जाड दांडे मी दरवर्षी वारीला जाणाऱ्या एका परिचितांच्या हाती धाडतो.

माझी उमेदीची वर्षे वसुलीच्या कामात गेली. शेतकऱ्याकडून सारा घ्यावयाचा, पण त्याआधी पिकाची आणेवारी काढावयाची. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई समजावयाची, वसुली तहकूब करावयाची, कधी सूट द्यावयाची, हे आमच्या जमाबंदीचे तत्त्व होते, आणि ज्या अंमलदाराला ते नीट कळले त्याच्या ताब्यातील गावे पुढच्या वर्षी पुन्हा पेरती झाली. तुळशीच्या वाफ्यात मी हेच तत्त्व पुन्हा शिकलो, आणि कचेरीत जे नियम म्हणून पाळीत होतो ते येथे बोटांना कळले. घेणाऱ्याने आधी पाहावे, मग घ्यावे. पुन्हा फुटण्यापुरते मागे ठेवावे. थंडीत आणि दुष्काळात हात आवरावा. आणि एक वाटा असा राखावा की ज्यावर आपला कोणताच हक्क नाही. म्हणून ज्यांच्या दारात तुळस आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की तिला भिऊ नका आणि तिला ओरबाडूही नका. वैशाखात तळाची वाट मोकळी करा, पावसाळ्यात तांब्या बाजूला ठेवून पळी घ्या, सकाळी दव सुकल्यावर दोन पानांच्या वर नखाने खुडा, घरातील मुलांना तेथे बोट नेऊन दाखवा, आणि खुडलेल्यातले निदान अर्धे कोणाला तरी द्या. एवढे केले तर तुमच्या अंगणातील तुळस तुमच्या सर्व गरजा पुरवून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पुरेल.